माहेरी नेलेला डबा

वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी घरून डबा घेऊन गेले. शाळेत नेते तोच, दोन कप्प्यांचा स्टीलचा. वरच्या कप्प्यात मऊ भात, खालच्यात जिऱ्यावर परतलेला दोडका. कांदा नाही, लसूण नाही. सोबत उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली. बारामतीच्या स्टँडवर गाडीत बसताना डबा पिशवीत नीट उभा ठेवला आणि म्हटलं, चला, आज पोटाची काळजी मिटली. ज्या गोष्टीची काळजी करायला हवी होती ती डोक्यात आलीच नाही. इतकी वर्षं गणित शिकवूनही माझं काही उदाहरणांत पहिल्या पायरीलाच चुकतं.

आधी पोटाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चाळिशी ओलांडली आणि माझं पोट माझं ऐकेनासं झालं. जेवले की फुगायचं, मग मुरडा यायचा, मग धावायचं. कधी चार दिवस काहीच नाही, तर कधी एकाच सकाळी पाच वेळा. मी मुलींच्या शाळेत शिकवते. फळ्यावर समीकरण अर्धं सोडून "पुढचं तुम्ही करा" म्हणत मी कितीदा वर्गाबाहेर पडले असेन. मुलींना वाटायचं, बाई आपल्याला विचार करायला लावतात. मुख्याध्यापिका बाईंना तसं वाटत नव्हतं.

तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त झालं, सोनोग्राफी झाली, शेवटी आतून कॅमेरा घालूनही बघितलं. डॉक्टर हसत म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे." मला तिथंच रडू आलं. एवढं सोसून निदान रिपोर्टात तरी काही निघायला हवं होतं. मग त्यांनी कागदावर तीन अक्षरं लिहिली, आयबीएस. म्हणाले, "आतडं दिसायला चांगलं असतं, वागायला नसतं. घाबरण्यासारखं काही नाही."

"बरं कधी होईल?"

"बरं होण्यापेक्षा सांभाळायचं असतं हे."

सासू सांभाळली, मुलगा सांभाळला, आता आतडं सांभाळायचं.

डॉक्टरांनी ज्या आहारतज्ज्ञ मुलीकडं पाठवलं ती माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिनं यादी दिली. कांदा, लसूण, गहू, दूध, हरभरा, मटकी, चवळी, फ्लॉवर, सफरचंद, आंबा, सगळं बंद. मी म्हटलं, "मग आमच्या घरात राहिलं काय?" तिनं दुसरा कागद दिला. भात, ज्वारी-नाचणीची भाकरी, दोडका, वांगं, गाजर, अंडी, मासे. सहा आठवडे हे काटेकोर पाळायचं, मग बंद केलेला एकेक पदार्थ परत आणून बघायचा, कुठला सोसतो आणि कुठला नाही. नवरा माळेगावला कारखान्यात नोकरीला. शिफ्ट संपवून आला, फ्रिजवर लावलेली यादी वाचली आणि म्हणाला, "म्हणजे आता आपलं घर देवळासारखं." त्याला मासे चालतात हे दाखवलं तेव्हा जरा खुलला.

खुलून मला भिगवणला घेऊन गेला. तिथं हायवेच्या कडेला ताजा मासा तळून देतात. मी म्हटलं, "कांदा-लसूण काही लावू नका, नुसतं हळद-मीठ." वाढणाऱ्या माणसानं झारा खाली ठेवला. म्हणाला, "मावशी, माळकरी हाय का तुमी? मंग मासं कसं काय?" नवऱ्याला ठसका लागला. आमच्या भागात कांदा-लसूण सोडायला देवाशिवाय दुसरं कारण असू शकत नाही, हे मला तिथंच कळायला हवं होतं.

शाळेत टाचण काढायच्या जुन्या वहीची बरीच पानं कोरी होती. तिच्यात रकाने आखले. वार, वेळ, काय खाल्लं, आणि शेवटी त्रास. त्रासाच्या रकान्यात "आहे" किंवा "नाही" एवढंच लिहायचं. पहिल्या सहा आठवड्यांत "नाही" इतक्या वेळा आलं की मी वही नवऱ्याला दाखवत फिरले. खरंच बरं वाटत होतं. पूर्ण तास उभं राहून शिकवत होते. लग्नाकार्यांना जाणं बंद झालं, शेजारणी "आमच्या हातचं चालत नाही का" म्हणून टोमणे मारायला लागल्या, पण म्हटलं, असू दे.

पुढं मात्र वही बिघडली. सोमवारी भात-दोडका, त्रास नाही. मंगळवारी तोच भात, त्याच पातेल्यातला दोडका, त्रास आहे. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ लिहिलेलं सापडलं, तेव्हा चोर पकडल्याचा आनंद झाला. हिंग बंद केला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी परत तेच. मी वही घेऊन त्या मुलीकडं गेले आणि म्हटलं, सारखं खाऊन उत्तर सारखं येत नसेल तर पद्धतच चुकीची आहे. ती न चिडता म्हणाली, "मॅडम, आहारानं बराच फरक पडतो, पण सगळा नाही. ताण असला की आतड्याला तेवढंच पुरतं. तुम्हाला काही ताण आहे का?"

मी म्हटलं, "मला कसला ताण?" वडील जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

तर त्या वर्षश्राद्धाला मी माहेरी, निमगाव केतकीला गेले. गावाबाहेर आमची वस्ती आहे. थोडा ऊस, थोडं डाळिंब, विहिरीकडच्या अंगाला पूर्वी पानमळा होता तिथं आता भाजीपाला. घरी आई, माझा धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन त्याच पानमळ्यात हिंडवलेलं. मला आक्का म्हणतो.

पुरणपोळी आणि कांदा-लसणाचं वाटण घातलेली येळवणीची आमटी होती, आमच्याकडं श्राद्धालाही चालते. हरभऱ्याची डाळ, गहू, कांदा, लसूण, माझ्या यादीतला झाडून सगळा बंद माल एका ताटात. भावजय बोलवायला आली, "वन्सं, पान वाढलंय." मी म्हटलं, "अगं, मी डबा आणलाय. मला सोसत नाही, फोनवर बोलले होते ना." ती "बरं" म्हणाली. भावकीतल्या बायांची पंगत बसली होती. मी त्यांच्यातच एका कडेला बसले, डबा उघडला आणि खाल्लं. आईनं तांब्या पुढं केला तेव्हा मी पिशवीतली बाटली काढली. बोअरचं पाणी मला बाधतं असं तेव्हा वाटायचं. चुलती माझ्या डब्याकडं बघून शेजारणीच्या कानाशी लागली. मला वाटलं, दोडका बघून हसत असतील.

आमच्याकडं भांडण झालं की कोर्टात नंतर जातात, आधी पाणी तोडतात. ज्याच्याशी बिनसलं त्याच्या दारात जायचं, बोलायचं, बसायचं, पण घोटभर पाणी घ्यायचं नाही. त्यावरून सगळ्यांनी समजून घ्यायचं. मी ह्याच गावात वाढलेली. वडिलांनी त्यांच्या चुलतभावाचं पाणी बारा वर्षं तोडलेलं मी बघितलंय. तरी बापाच्या वर्षश्राद्धाला भरल्या पंगतीत मी स्वतःचा डबा आणि स्वतःचं पाणी काढून बसले आणि वर आंबट तोंड न करता ढेकर दिला. पोटाच्या नादात माणूस किती आंधळा होतो ते बघा.

आणि तोडायला कारणही सगळ्यांना दिसत होतं, मला सोडून. वडील गेल्यावर वारस लागले. सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं नाव आलं. नऊ एकर, तीन वारस. हे उदाहरण चौथीतली मुलगीही सोडवेल. पण आमच्यात ते फळ्यावर लिहायचंच नसतं. बहिणीनं वर्षाच्या आत इंदापूरला जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, भावानं साडी घ्यायची, आणि माहेर पहिल्यासारखं चालू ठेवायचं. मीही तेच करणार होते. भावानं विचारलं नाही, माझी आपली डॉक्टरांकडं ये-जा चालू होती, राहून गेलं. माझ्या मनात एवढंच होतं. निदान तेव्हा मला असं वाटायचं.

त्यानंतर भावाकडून रानातला वाणवळा यायला लागला. आधीही यायचा, पण आता दर पंधरवड्याला. ओळखीच्या टेम्पोत एक कांद्याचं पोतं आलं. मग गहू. मग हिवाळ्यात हरभऱ्याच्या ढाळ्याचे भारे. मी कपाळाला हात लावायचे. यादी समोर ठेवून पाठवल्यासारखं एकूण एक बंद. मुलगा बाहेरगावी, घरात नवरा आणि मी, पोतंभर कांदा तो एकटा किती खाणार? मी गल्लीत वाटून टाकायचे. गल्लीत निमगावची एक माहेरवाशीण आहे. तिनं दोन शेर कांदे नेले आणि ती बातमी त्याच आठवड्यात गावी पोचवली, की आक्कानं भावाचा माल दारादारांत वाटला.

भाऊबीजेला गेले. ओवाळलं. भावानं करंजी पुढं केली, मी कडेचा तुकडा मोडला आणि त्याची नजर चुकवून रुमालात गुंडाळला. नजर चुकली नव्हती. आईनं विड्याच्या पानात ओवा घालून दिला, "ह्ये खा, समदं पचतं." ते तेवढं खाल्लं. नंतर आईचा फोन आला, "आगं, त्याच्यावर राग धरू नगं. त्यो बोलत न्हाय, पण झुरतोय." मला वाटलं, करंजी न खाल्ल्याचं म्हणतेय. मी म्हटलं, "आई, राग कसला, पोटाचं आहे." आई म्हणाली, "व्हय, व्हय, पोटाचंच." तिच्या आवाजावरून मला समजायला हवं होतं की ह्या घरात माझ्या पोटावर कुणाचाच विश्वास नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर भावाचा फोन आला. "बुधवारी इंदापूरला ये. आधार कार्ड घिऊन ये." एवढंच. कशाला ते मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. हक्कसोड, दुसरं काय असणार. शाळेत रजा टाकली. बुधवारी सकाळी फक्त तांदळाची पेज घेतली, मीठ घालून. इतकं जपून मी आतून कॅमेरा घातला त्या दिवशीसुद्धा खाल्लं नसेल.

बारामती-इंदापूर गाडीत मी नेहमी दाराजवळची सीट धरते. कुठल्या फाट्यावर गाडी किती थांबते, कुठल्या स्टँडवर आडोसा आहे, कुठं नुसताच दरवाजा आहे आणि कडी नाही, हे मला पाठ आहे. निमगाव मागं पडलं तेव्हा पोटात बारीक कळ आली. मी स्वतःला म्हटलं, पेज आहे आत, पेज कुणाला काही करत नाही.

कचेरीच्या बाहेर दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी भाऊ उभा होता. धुतलेला सदरा, दाढी केलेली, चेहरा मात्र पडलेला. खाकी पाकिटातून कागद काढून त्यानं माझ्या हातात दिला. "वाच."

मी वाचायला लागले. हक्कसोडपत्र नव्हतं. वाटणीपत्र होतं. विहिरीकडची एक एकर जमीन, जुन्या पानमळ्याची, माझ्या नावावर. विहिरीच्या पाण्यात हिस्सा. मी तो परिच्छेद दोनदा वाचला.

"अरे, पण मी कुठं मागितलं?"

"तोंडानं न्हाय मागितलंस. पण वर्स व्हत आलं, माझ्या घरचा घोट घेतला न्हाईस. आण्णांच्या श्राद्धाला डबा घिऊन आलीस. कांदं धाडलं, वाटून टाकलंस. गहू धाडलं, वाटून टाकलंस. रानातलं पिकल्यालं नगं म्हंजी काय हवं, ते कळत न्हाय व्हय मला? सरळ म्हनायचं व्हतंस आक्का. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?"

त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. दस्त लिहिणारा खाली मान घालून शिक्क्याशी चाळा करत बसला.

मी म्हटलं, "अरे बाबा, पोटाचा आजार आहे मला. शंभरदा सांगितलं."

"पोट, पोट म्हनून कुनी आयच्या हातचं सोडतं व्हय?"

मी काहीतरी बोलणार होते. रागानं की समजुतीनं ते आता आठवत नाही, कारण तेवढ्यात पोटात पीळ पडला. नेहमीसारखा सूचना देऊन येणारा नाही, एकदम. कपाळावर घाम आला. कागद टेबलावर टाकला आणि मी कचेरीकडं धावले. तिथल्या संडासाला कुलूप. किल्ली शिपायाकडं, शिपाई चहाला. मी भिंतीला धरून वाकले. डोळ्यापुढं अंधारी आली. पन्नाशीला आलेली बाई, शिक्षिका, अंगावर इस्त्रीची साडी, आणि मनात एकच, की आता इथं सगळ्यांसमोर आपली अब्रू जाणार.

भाऊ मागून आला. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता पळत सुटला. कचेरीमागं दोन-तीन घरं होती. पहिल्याच घराच्या दारात तो ओरडत होता ते मला ऐकू आलं, "बाई, माझी भन हाय. पोटाचा लई तरास हाय तिला. जरा आत जाऊ द्या." त्या बाईंनी कोण, कुठल्या काही विचारलं नाही, धुण्याच्या ओल्या हातानं मला आत नेलं. त्यांचं नावही मी विचारलं नाही. त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

बराच वेळ लागला. बाहेर आले तर भाऊ त्यांच्या पायरीवर बसला होता, माझी पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरून. उन्हात बसला होता, सावलीत सरकायचंही सुचलं नव्हतं. मी शेजारी बसले. त्यानं पळत जाऊन औषधाच्या दुकानातून मीठ-साखरेची पुडी आणली, बाटलीत कालवली आणि मला पाजली. लहानपणी तो आजारी पडला की मी त्याला अशीच धरून पाजायचे. मी प्याले. वर्षभरानं त्याच्या हातचं पाणी प्याले.

"रोज आसं आसतं, आक्का?"

"रोज नाही. पण कधी येईल ते सांगता येत नाही."

"आज काय खाल्लं व्हतंस?"

"पेज. नुसती."

त्यानं बाटलीचं झाकण लावलं. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. गडी माणूस, भर कचेरीमागं. "मला वाटलं तू..." फोन काढला आणि भावजयीला म्हणाला, "आगं, खरंच हाय तिचं. पोटाचंच हाय. मी बघितलं. न्हाय, न्हाय, राग न्हाय तिला. कायबी न्हाय." बोलताना त्याचा चेहरा असा उजळला की मलाही भरून आलं. डॉक्टर, तपासण्या, वही, यादी, सगळं सांगून जे झालं नव्हतं ते एका कुलपामुळं झालं. माझ्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला. मला वाटलं, आता ह्यापुढं काही नको.

आम्ही उठून टेबलापाशी गेलो. वाटणीपत्र तिथंच होतं, वर पेपरवेट ठेवलेला. भावानं ते उचललं. एक घडी घातली. दुसरी घातली. पाकिटात सरकवलं आणि पाकीट सदऱ्याच्या आत. दस्त लिहिणाऱ्याला म्हणाला, "आज ऱ्हाऊ द्या. भनीची तब्येत बरी न्हाय."

माझ्याकडं बघून हसला. मोकळं, लहानपणचं हसू. सुंठीवाचून खोकला गेला होता त्याचा. त्यात लबाडी नव्हती, मी शपथेवर सांगते. बहीण रागावली नाही म्हणजे द्यायचं कारण उरलं नाही, इतका तो साधा हिशोब होता. मी ते पाकीट आत जाताना बघत होते आणि तेव्हा मला कळलं. मला ती जमीन हवी होती. कागद वाचताना पोटात पीळ पडायच्या आधी छातीत काहीतरी हललं होतं, ते सुख होतं. जिथं मी भावाला कडेवर घेऊन हिंडवलं ती जमीन माझ्या नावावर लिहिलेली मी दोनदा वाचली होती. तीन एकरांची धनीण मी, आणि एका एकरावर हरखले होते. तोही घडी घालून खिशात गेला.

बोलायला हवं होतं. मी वर्गात पोरींना सांगते, शंका आली की हात वर करा. माझा हात वर गेला नाही. मागितलं तर हिस्सा मिळतो आणि माहेर जातं, हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं. आणि नुकतंच मला माहेर परत मिळालं होतं. मी म्हटलं, "चल, आईला भेटून जाते."

त्या दिवसापासून माझे माहेरी लाड सुरू झाले. भावजयीनं माझ्यासाठी वेगळी कढई काढली. आहारतज्ज्ञ मुलीनं सांगितलेली युक्ती मी तिला शिकवली, की अख्खा लसूण तेलात तळायचा आणि काढून टाकायचा, वास राहतो आणि त्रास जातो. त्या काढलेल्या लसणाच्या पाकळ्या भाऊ खातो. पंगतीत तोच आधी ओरडतो, "आक्काला कांदा-लसूण चालत न्हाय, तिचं पान वायलं वाढा." भावकीसुद्धा आता माझ्या पोटाची चौकशी करते, ओवा, बडीशेप, कुठल्या कुठल्या पुड्या सांगते. मी वस्तीवरचं बोअरचं पाणी पिते. बाधत नाही.

दीड महिन्यानं भाऊ म्हणाला, "आक्का, ते हक्कसोडचं तेवढं... तुझ्या सवडीनं." मी म्हटलं, "पुढच्या मंगळवारी येते."

त्या मंगळवारी सकाळी मी काय केलं ते आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. त्याच्यासाठी कांद्याची भाजी आणि पोळ्या केल्या होत्या. तो कामावर गेल्यावर मी ताट घेतलं. दोन पोळ्या खाल्ल्या, भाजी परत वाढून घेतली, तिच्यात लसूणही होता. वर दुधाचा कपभर चहा. शाळा बुडवायला मुलं कच्च्या कैऱ्या खातात, तसं. मला काय हवंय ते मला पक्कं माहीत होतं. तोंडानं नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हटलं, पोटाला म्हणू दे.

गाडीत दाराजवळ बसले. वाट बघत होते. अंथुर्णे गेलं, निमगाव गेलं, इंदापूर आलं. काही नाही. कचेरीत बाकावर दोन तास बसलो. भाऊ सारखा विचारत होता, "बरं वाटतंय न्हवं? किल्ली घिऊन ठेवलीय मी." खरंच त्यानं शिपायाकडून संडासाची किल्ली आधीच मागून खिशात ठेवली होती. मी पोटावर हात ठेवून बसले होते. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या कळेची विनवणी करत होते. आमचा नंबर आला. कॅमेऱ्यापुढं बसवलं. फोटो निघाला. मशीनवर अंगठा ठेवायला सांगितला, ठेवला. खुशीनं करताय ना, असं आतल्या अधिकारी बाईंनी विचारलं. मी पोटाकडं लक्ष लावलं. पोट गप्प होतं. मी "हो" म्हटलं.

वस्तीवर भावजयीनं बिनलसणाचं वांगं केलं होतं, भाऊ साडी घेऊन आला होता. जेवले. जुन्या पानमळ्यात वांगी लावली होती, त्यातलंच ते. चांगलं झालं होतं.

घरी आले आणि वही काढली. मंगळवार. सकाळी पोळी, कांद्याची भाजी लसूण घालून, दुधाचा चहा. दुपारी भात, वांगं. शेवटच्या रकान्यापाशी थोडा वेळ पेन धरून बसले. मग नेहमीसारखं लिहिलं. त्रास, नाही.